रय्सानने पाठवलेला पराग

अबू हातिमने दारात आणलेलं ताट नश्मियाने परत पाठवलं, आणि तंदूरमधल्या रोट्या निघायच्या आत ही बातमी साऱ्या आळीत पसरली.

इराकमधल्या बसऱ्याजवळच्या अबुल खसीबमध्ये असं कुणी करत नाही. वसंत लागला की ज्याच्या बागेत नर खजूर आहे, तिथल्या बोलीत फहल, त्याने त्याच्या पोया कापायच्या, तुरे मोकळे करायचे आणि ज्यांच्याकडे फहल नाही त्यांच्या घरी ताटातून नेऊन द्यायचे. याला मोल नसतं आणि नकारही नसतो. मादी झाडाच्या उमललेल्या पोयीत नराच्या चार काड्या उलट्या खोचून बांधल्या की फळ धरतं. नाही बांधल्या तर झाड नुसतंच फुलतं. नश्मियाचा स्वतःचा फहल खाऱ्या पाण्याच्या वर्षी मेला होता. तेव्हापासून तिच्या मादी झाडांनीही फुलायचं सोडून दिलं होतं, म्हणून ताटाची गरज पडली नव्हती. यंदा मात्र कडेकडेच्या झाडांनी सुद्धा पोया काढल्या होत्या.

"मी बांधावरून पाहिल्या," अबू हातिम म्हणाला. म्हातारा धापा टाकत होता, पण चेहरा उजळलेला. मुलाच्या नावावरून सारी आळी नश्मियाला उम्म रय्सान, म्हणजे रय्सानची आई, म्हणायची. "म्हटलं, उम्म रय्सानकडे पहिलं ताट न्यायचं. घे बाई, ताजे आहेत."

"तुमचे हात सुखी राहोत, अबू हातिम. पण यंदा नकोत. रय्सानने बगदादहून पराग पाठवलाय. डब्यातला. परदेशी."

"डब्यातला?" म्हाताऱ्याने टोपी मागे सारली. "आता नवरदेवही डब्यातून यायला लागले म्हण की!"

भिंतीपलीकडे तिस्वाहन खाला कपडे वाळत घालत होती. ती तिथूनच बोलली, "मग काय करतील बायका? तुमच्यासारखे नवरदेव खोडाला टेकून बसले की डबेच उघडावे लागणार!"

तिघंही हसली. इथवर सगळं गोड होतं. पण आनंदात माणसाची जीभ एक पाऊल पुढे पडते. नश्मिया म्हणाली, "आता माझ्या घरात कर्ता पुरुष आहे. लोकांच्या ताटाची वाट बघायचे दिवस गेले माझे."

अबू हातिमचं हसू जिथल्या तिथे वाळलं. त्याने ताटावर फडकं ओढलं, "अल्ला बरकत देवो," म्हणाला आणि पाठ फिरवली. तिला लगेच कळलं आपण काय बोलून गेलो ते. हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही. "तो पोरगा" हे दोन शब्द इतकी वर्षं ज्या आईने ऐकले होते, तिला एक दिवस तरी मान ताठ ठेवून बघायची होती.

रय्सान "तो पोरगा" कसा झाला, हेही सांगायला हवं. तिथल्या बागांना पाणी घालावं लागत नाही. नदीला दिवसातून दोनदा भरती येते, पाटांतून पाणी चढतं, झाडांचे पाय भिजवून ओहोटीबरोबर परत जातं. त्या वर्षी वरून नदीचं पाणी आटलं आणि खालून समुद्र चढला. सगळ्यांनी पाटांच्या उघाड्या, पाणी आत घ्यायची दारं, बंद करून टाकल्या. झाडं तहानेने पिवळी पडायला लागली. रय्सान तेव्हा कोवळा होता, बापाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. एका भरतीला त्याने पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. गोडं लागलं. गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं खालून सरकत येतं, हे त्या जिभेला काय ठाऊक? त्याने उघाडी उघडली. पाणी उतरलं तेव्हा बागेत मिठाची पांढरी साय बसली होती.

झाडं एकदम मेली नाहीत. एकेकाची मान मोडत गेली. नश्मियाचा थोरला दीर हाजी चासिब मुदीफमध्ये, गावाच्या बैठकीच्या घरात, सगळ्या पुरुषांसमोर म्हणाला, "लढाईत तोफांनी मारली नाहीत ती झाडं या पोराच्या जिभेने मारली." रय्सानने आईच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि बगदादची गाडी धरली. तिथे मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात लागला. जुम्म्याला फोन करायचा. आधी झाडांची चौकशी, मग आईची. आणि शेवटी दर वेळी तेच: "झाडांना फळ धरलं ना यम्मा, की येतो."

यंदा पोया निघाल्या त्याच आठवड्यात हाजी चासिबही येऊन गेला. बागेत त्याचा अर्धा वाटा. रस्त्याकडेची जमीन प्लॉट पाडणाऱ्या एकाने मागितली होती, आणि घेईन तर सगळी बाग घेईन, असं तो म्हणत होता.

"हे बघ उम्म रय्सान," हाजी जपमाळ ओढत म्हणाला, "यंदा फळ धरलं तर मी विषय काढणार नाही. नाही धरलं तर तू माझ्या शब्दाच्या आड येऊ नकोस."

म्हणजे फळ धरलं तर बाग, आणि बाग राहिली तर मुलगा. नाहीतर त्याला परत यायला कुठलं झाड आणि कुठलं घर?

तेव्हाच तो डबा आला. बगदाद-बसरा गाडी चालवणारा सबरी तो स्वतः दारात देऊन गेला. पिवळं झाकण, वर खजुराचं झाड छापलेलं, सोबत फुंकायला रबरी फुगा. फोनवर रय्सानचा आवाज तो शाळेत असताना असायचा तसा झाला होता. "काड्या बांधायची कटकटच नाही, यम्मा! पूड भरायची, फुस्स करायचं, झालं! दुकानदार म्हणाला, एक डबा म्हणजे एक अख्खा फहल. आपला फहल मी मारला ना? हा घे दुसरा."

शंका आली नाही असं नाही. डबा उघडून तिने हुंगला होता. फहलाचा पराग बागेच्या या टोकाला उघडला तर त्या टोकाला कळतो, मुली तोंडावर ओढणी घेऊन हसतात. याचा वास होता, पण दुरून आल्यासारखा. मात्र मुलाने पाठवलेली वस्तू आई दुसऱ्यांदा हुंगत नाही. तिने झाकण लावून टाकलं.

उबैद झाडावर चढायचा. गावातले निम्मे खजूर त्याच्या कमरेच्या दोराला ओळखतात. फुगा बघून त्याची करमणूकच झाली. "आज मी न्हावी झालो. या, कुणाला पावडर लावू?" असं म्हणत एकेका झाडावर चढला, फुस्स फुस्स केलं, उतरला. चार दिवसांनी नव्या पोया उमलल्या, तेव्हा पुन्हा केलं. नश्मिया खालून बघत होती. पिवळा धूर पांढऱ्या तुऱ्यांवर बसताना तिला दिसला आणि ती मनात म्हणाली, बस, आला माझा पोरगा.

मग एका सकाळी दाट धुकं पडलं. उबैद उशिरा निघालेल्या पोया बघायला वर चढला आणि बराच वेळ खाली आला नाही.

"अरे, वर काय झोपलास?"

"उम्म रय्सान, मुंग्या आहेत."

"मग?"

"मग काय? परागाला मुंग्या कधी लागल्या का?"

तो खाली आला आणि त्याने हाताची बोटं पुढे केली. बोटांना चिकट पिवळसर लगदा. त्याने तो दोन बोटांत मळला, त्याची गोळी झाली. त्याने ती जिभेला लावली. नश्मियाला वाटलं, याचा हात धरावा, बोलू देऊ नये.

"मक्याचं पीठ आहे," उबैद म्हणाला. यावेळी त्याला थट्टा सुचली नाही. "हळद टाकलीय. वरवर थोडा खरा पराग असेल, वासापुरता."

तिने डबा आणून पाण्याच्या भांड्यात उपडा केला. पीठ तळाशी बसलं. पाणी दुधाळ झालं.

"उबैद, तुला तुझ्या लेकरांची शपथ आहे. हे कुणाला सांगायचं नाही."

"मी कशाला सांगू? पण आधीच्या पोया गेल्या समज. ताज्या उमललेल्या चार-सहा दिवस दम धरतील. मागच्या रांगेतल्या काही अजून मिटलेल्या आहेत. तेवढ्यात खरा तुरा मिळाला तर मिळाला."

ती चपला शोधत बसली नाही. उबैदने झाडाखाली काढून ठेवलेल्या पायात सरकवून ती आधी पाटापलीकडे गेली. तिथल्या घरी फहल होता, आता बुंधा होता. "कधीच तोडला बाई, मिठाने पोखरला होता." पुढच्या घरी तुरे होते, ते संपले. त्याच्या पुढच्या घरच्या सूनबाईने तोंड वाकडं केलं, "तुमचा तर परदेशी होता ना, खाला?" नश्मिया म्हणाली, "कमी पडला." ती सून हसली. नश्मियाने ते हसू गिळलं. त्या दिवशी तिने किती दारं वाजवली याचा तिने हिशेब ठेवला नाही. रणरणत्या उन्हात चेहरा रापून निघाला, आणि शेवटी जिथे आधी जायला हवं होतं त्या दाराशी ती आली.

अबू हातिम ओट्यावर चहा पीत होता. तिला बघून तो उठला, तिला बसायला चटई सरकवली. हे उठणंच तिला जड गेलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"अबू हातिम, मी त्या दिवशी..."

"राहू दे. किती लागतील?"

"पराग खोटा निघाला." दुसऱ्या कुणाला न सांगितलेलं ती त्याला सांगून गेली.

म्हातारा तिला फहलाखाली घेऊन गेला. झाडाच्या माथ्यावर कापलेल्या पोयींचे नुसते देठ राहिले होते. "तुझा वाटा मी दुसऱ्या दिवशीच पाटापलीकडे दिला. रागाने दिला, खोटं कशाला बोलू?" त्याने तुरे वाळवायची चटई उचलून झटकली. थोडी धूळ उडाली, वाऱ्यावर गेली. दोघंही त्या धुळीकडे बघत राहिली.

"बसऱ्यात आता कुणाकडे मिळायचं नाही," तो म्हणाला. "पण बगदादची थंडी उशिरा जाते. तिकडचे फहल आत्ता कुठे फुटत असतील. तुझा पोरगा तिथेच आहे ना? मग रडतेस कशाला? एक फोन कर."

एक फोन. म्हाताऱ्याला काय माहीत, तो एक फोन म्हणजे काय होता ते. खरे तुरे फक्त त्याच्याच हातून येऊ शकत होते, आणि मागायचे तर का मागते हे सांगावं लागणार होतं.

तिने सांगितलं नाही. आई खोटं बोलते तेव्हा किती सरळ आवाजात बोलते!

"रय्सान, पराग इतका छान निघाला, पण कमी पडला रे. उशिराच्या पोया राहिल्यात. तिकडून तुरेच पाठव या वेळी. साधे, झाडावरचे. उबैदला त्यांचीच सवय आहे."

"कमी पडला?" तो आनंदाने ओरडलाच. "म्हणजे इतक्या पोया निघाल्या? तुरे कशाला, यम्मा? दुसरा डबाच पाठवतो! आजच्या गाडीने!"

"नको, नको, तुरेच..."

"तू गप्प बस. उबैदला सांग, सवयी बदल म्हणावं म्हाताऱ्या."

दुसऱ्या दिवशी सबरीने डबा आणला. पिवळं झाकण, वर झाड. तिने तो दारातच उघडला, चिमूटभर पाण्यात टाकला. सबरी गाडीत बसून बघत होता. "काय करतेस, खाला?" त्याने विचारलं. पाणी दुधाळ झालं.

त्या दिवशी तिने भात चढवला आणि तो करपला. पाटाच्या कडेला जाऊन बसली. मागच्या रांगेतल्या एका पोयीची साल उकलली होती, आतले तुरे तांदळासारखे पांढरे दिसत होते. आपण मुलाला वाचवतोय असं तिला वाटत होतं. पण तो काय करत होता? तिच्या खोट्यावर विश्वास ठेवून पीठच पाठवत होता. आणखी दोन दिवस ती अशीच चांगली आई राहिली, तर बाग जाईल, आणि मग एक दिवस तो हे ऐकेल, तेही काकाच्या तोंडून, मुदीफमध्ये.

तिने नंबर लावला.

"आला ना डबा?" तो म्हणाला.

"बाळा, डब्यात पीठ आहे."

"कुठल्या? कालच्या?"

"दोन्हीही."

पलीकडे दुकानाचा गोंगाट ऐकू येत होता. कुणीतरी चार्जर मागत होतं.

"म्हणजे कमी पडला वगैरे..."

"नाही पडला."

"कुणाकुणाला माहीत आहे? काकांना?"

"त्यांना नाही. तुझी शपथ."

तो हसला. "बघ ना यम्मा," तो म्हणाला, "या वेळी तर मी चाखूनही बघितलं नव्हतं."

"रय्सान, ऐक, अजून वेळ आहे. तुरे मिळाले तर... रय्सान?"

फोन बंद झाला होता. तिने पुन्हा लावला. मग पुन्हा. एक बाई नम्रपणे सांगत होती की हा नंबर सध्या उपलब्ध नाही. नश्मियाने त्या बाईलाच विनवलं, "बाई गं, त्याला एवढं सांग, मी रागावले नाहीये."

दुसरा दिवस गेला. त्याच्या पुढचाही गेला. मागच्या रांगेत पोया उमलत होत्या आणि पुढच्या रांगेतल्या सुकत चालल्या होत्या. उबैद दोर खांद्यावर टाकून यायचा, बघायचा आणि परत जायचा. तिस्वाहन खालाने भिंतीवरून विचारलं, "काय गं, घरात कुणी गेलंय का? आवाज नाही, धूर नाही." नश्मिया म्हणाली, "डोकं दुखतंय." खालाने तेवढ्यात रोटी आणि मासा भिंतीवर ठेवला. "डोकं दुखतंय तर तोंड चालव. डोकं आणि तोंड शेजारीच आहेत."

आणि मग सबरीची गाडी भोंगा वाजवत आळीत शिरली. डिकीतून त्याने ओलं पोतं काढलं. वास आधी आला. आळीतल्या मुलींनी तोंडावर ओढण्या घेतल्या.

"तुझ्या पोराने दिलं," सबरी नाक चोळत म्हणाला. "चौकात उभा होता, गाडी अडवली. हात बघायला हवे होते त्याचे. काट्यांनी सोलून निघालेत. हा काही उबैद नाही, स्वतःच चढला असणार कुणाच्यातरी बागेत."

"काय म्हणाला?"

"काही नाही. मी विचारलं, आईला काय सांगू? म्हणाला, सांग खरे आहेत. पोया फोडून दाखवल्या मला. हुंग म्हणाला. मी हुंगलं. मग मागच्या शीटवरच्यांना हुंगायला लावलं. एक शेख होते बिचारे, त्यांनाही! मी म्हटलं, अरे बाबा, पटलं आम्हाला, खरे आहेत. तरी गाडीचं दार सोडेना."

नश्मियाने पोतं छातीशी धरलं. झग्यावर ओल पसरली.

उबैद दिवसभर वर-खाली करत होता. मागच्या रांगेतल्या पोया वेळेत साधल्या, मधल्या रांगेतल्या थोड्या. रस्त्याकडच्या रांगांत त्याने तरी बांधल्या काड्या, तिच्या समाधानासाठी, पण दोघांनाही कळत होतं. फोन बंदच होता.

फळ कळायला महिना लागला. जिथे धरतं तिथे एकेका जागी एकच मणी फुगतो. जिथे धरत नाही तिथे तीन-तीन मणी एकमेकांना चिकटून राहतात, आत आठी नाही, गर नाही. त्याला शीस म्हणतात, गुरंही कंटाळून खातात.

हाजी चासिब आला तो रस्त्याकडूनच आला. एकेका घडातला मणी तोडून नखाने चिरत होता. "शीस. शीस. हाही शीस." नश्मिया चार पावलं मागे चालत होती. मधल्या रांगेत तो जरा थांबला. मागच्या, पाटाकडच्या रांगेत त्याने मणी चिरला, आतली कोवळी आठी बोटावर घेऊन बघितली, दुसरा चिरला, तिसरा चिरला. जपमाळ खिशात टाकली.

"हे असं अर्धं-अर्धं कसं झालं?"

तिच्या तोंडाशी आलं होतं. डबा, पीठ, दुकानदार. सगळ्याला कारण होतं आणि ते कारण खरं होतं. पण त्यातून "तो पोरगा" पुन्हा जन्माला आला असता.

"माझीच चूक. अबू हातिमने ताट आणलं होतं, मी परत पाठवलं. माज आला होता मला. मग उशीर झाला."

हाजीने तिच्याकडे बघितलं. ती या बागेत सून म्हणून आली तेव्हापासूनचं तिचं काम त्याने पाहिलेलं होतं. त्याला पटलं नव्हतं, पण त्याने खोदलंही नाही.

"रस्त्याकडचं जाईल," तो म्हणाला. "तो सगळीच मागत होता, पण एवढ्यावर मी त्याला गप्प करीन. पाटाकडचं राहू दे. उद्या यंत्र येईल पुढची झाडं पाडायला. तू बघत उभी राहू नकोस." जाता जाता न वळता म्हणाला, "पोराला सांग, पाटाकडचं राहिलंय."

"फोन लागत नाही, हाजी."

तो चालत राहिला.

दुसऱ्या दिवशी यंत्राचा आवाज सुरू व्हायच्या आत ती बसऱ्याच्या गाडीतळावर होती. बसऱ्यापलीकडे ती आयुष्यात गेली नव्हती. काळा झगा, हातात चार रोट्यांचं गाठोडं. सबरीने तिला बघितलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

"खाला, तू? कुठे?"

"तू त्याच्याकडून पोतं घेतलंस त्या चौकात मला उतरव."

"अगं, तेव्हापासून तो मला दिसला नाही. दुकान कुठलं ते तरी माहीत आहे का?"

"मोबाईलचं."

"बगदादमध्ये मोबाईलचं दुकान! वाळूतला खडा शोधायचा म्हण की."

"शोधीन. निघ आता."

"एक जागा रिकामी आहे. ती भरली की निघू." आणि तो गाडीच्या टपावर थाप मारत ओरडायला लागला, "बगदाद! बगदाद!"

लोक येत होते, भाव विचारत होते, दुसऱ्या गाडीकडे जात होते. ऊन काचेवर चढलं. मागच्या शीटवरचा एकजण घोरायला लागला. नश्मिया गाठोडं मांडीवर धरून बसली होती. परक्या पुरुषासमोर तिने कधी आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. तिने काच खाली केली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि तळावरच्या गर्दीकडे बघून फाटक्या आवाजात ओरडली, "बगदाद! एकच जागा राहिलीय! या रे कुणीतरी, बगदाद!"